हिरडा खाल्लेल्या उंदराची नस

पोशेऱ्याच्या तुकाच्या हृदयाची नस तुंबली, तेव्हा नाशिकच्या डॉक्टरांनी फुगा घालून ती मोकळी केली आणि आत जाळी बसवली. यंदा नाचणीची लावणी मीच करणार, असं तुकाने सगळ्या पाड्याला सांगून टाकलं. पण काही महिन्यांतच चढणीवर त्याची छाती पुन्हा आवळू लागली. नस त्याच जागी परत अरुंद झाली होती. डॉक्टरांनी औषध लावलेला फुगा घालून ती पुन्हा उघडली.

दुखणं थांबलं, पण तुकाचं डोकं थांबेना. मुलगी प्रगती सुट्टीला घरी आली, तसं त्याने विचारलं, "उघडलेली नस परत बुजते कशी?"

प्रगती मुंबईत एका प्रयोगशाळेत नेमकं हेच शोधत होती.

"ऐनाच्या झाडाला कुऱ्हाड लागली तर साल काय करते, बाबा?"

"घाव झाकते. कधी जास्तच फुगते, गाठ धरते."

"नसेचंही तसंच. फुग्याने ती आतून दुखावते, मग जखम भरायला पेशी वाढतात. वाढतच राहिल्या की वाट अडते. हिरड्यातल्या तुरट द्रव्याने, पॉलिफिनॉलने, त्या आवरतात का, ते आम्ही बघतोय."

तुकाने घरामागच्या हिरड्याकडे पाहिलं. "मंग मी उकळून पितो."

"नको. आम्ही ते फक्त उंदरांना दिलंय. तुझ्या गोळ्यांबरोबर ते चालतं का, कुणालाच ठाऊक नाही. गोळ्या मात्र चुकवू नकोस."

तुका हिरमुसला नाही. "मंग मला ते उंदीर दाखव."

प्रगतीने प्रयोगशाळेतल्या सरांची परवानगी काढली आणि एक दिवस त्याला मुंबईला नेऊन सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. तशाच फुग्याने दुखावलेल्या, उंदरांच्या मानेतल्या नसांच्या पातळ चकत्या काचेवर होत्या. पहिलीत भोक सुईएवढं उरलेलं, दुसरीत चांगलं मोकळं.

"ही मोकळी हिरडावाल्याची," तुका म्हणाला.

"बरोबर. आता ही बघ. हासुद्धा हिरडावालाच."

तिसरी चकती जवळजवळ बुजलेली होती. तुका बराच वेळ डोळा लावून राहिला.

"ह्याला का नाय लागू पडला?"

"तेच अजून कळलेलं नाही."

तुकाने टोपी काढून मांडीवर ठेवली, स्टूल आणखी पुढे ओढलं.

"मंग आणखी चकत्या असतील त्या लाव," तो म्हणाला.