वीसपैकी चौदा

आत्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगची तपासनीस होती. समोरच्या पट्ट्यावरून दिवसभर गोळ्यांची पाकिटं सरकत जायची आणि त्यातलं फाटकं, रिकामं, वाकडं तिने हेरून बाजूला काढायचं. इतकी वर्षं हे काम केलेल्या माणसाचे डोळे घरी येऊनही निवांत होत नाहीत. नवरा म्हणायचा, "हिला देवाने प्रसाद दिला तरी ही उलटून मुदत कधी संपते ते बघेल."

तिच्या भावाचं बिऱ्हाड दुसऱ्या देशात होतं. त्याची मुलगी, बारकी, तिथली शाळा संपवून विद्यापीठात शिकायला आत्याकडे राहायला आली. आत्याचा सोन्या तिच्याच वयाचा. दोघांनी एकाच विद्यापीठात, एकाच विषयाला अर्ज केला. दोघं एकाच टेबलावर बसून अर्ज भरायची, एकमेकांच्या चुका काढायची, आणि आत्याला ते बघून बरं वाटायचं.

मग पहिली गुणवत्ता यादी लागली. सोन्याला होते एक्क्याण्णव टक्के. बारकीला वीसपैकी चौदा. यादीत बारकी वर आणि सोन्या पार तळाशी, एका जागेने बाहेर.

"वीसपैकी चौदा म्हणजे सत्तर टक्के," आत्या कांदा चिरता चिरता म्हणाली. "सत्तर एक्क्याण्णवच्या वर कधीपासून बसायला लागले?"

"अगं, तिकडचं मोजमाप वेगळं असतं," नवरा म्हणाला.

"मोजमाप वेगळं असेल. गणित तर तेच ना?"

आत्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. भाऊ लहानपणापासून गोडबोल्या, कुणाकडूनही काम काढून घेणारा. बारकी रोज संध्याकाळी गच्चीत जाऊन फोनवर तिकडच्या भाषेत हळू आवाजात बोलायची. कुणाशी म्हणून विचारलं तर "शाळेतल्या बाई" एवढंच सांगायची. शाळा संपल्यावर बाईंशी कसल्या एवढ्या गप्पा? कुठेतरी पाणी मुरत होतं. एकदा आत्या वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने गच्चीत गेली. बारकीने तिच्याकडे बघून हसून फोन ठेवला. ते हसणंही तिला सरळ वाटलं नाही.

शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती कुणालाही न सांगता विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात गेली. खिडकीमागच्या बाई पंखा आपल्याकडे वळवून बसल्या होत्या. आत्याने सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्या बोर्डात सोळाच्या वर गुण जवळपास कुणाला पडत नाहीत," त्या म्हणाल्या. "चौदा मिळवणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तुमच्या मुलाच्या बोर्डात नव्वदच्या वर निम्मा वर्ग असतो. आम्ही नुसता आकडा बघत नाही, तो किती जणांना पडला ते बघतो."

"पण गुण खरेच आहेत, याची खात्री केलीत?"

बाईंनी मान वर केली. "निकालाची प्रत शाळेतून थेट आली आहे. तुम्हाला शंका आहे का?"

इथेच "नाही" म्हटलं असतं तर गोष्ट मिटली असती. ती म्हणाली, "एकदा बघा म्हणजे झालं."

"तुम्ही मुलीच्या कोण?"

"आत्या."

लिहिता लिहिता बाईंचा हात थांबला. मग त्यांनी ते लिहिलं.

आठवड्याभरात बारकीच्या अर्जापुढे "पडताळणी सुरू" असं आलं. तिकडच्या बोर्डाला सुट्ट्या होत्या, उत्तर लवकर येण्याचं चिन्ह नव्हतं. पहिल्या फेरीत बारकीची जागा रोखली गेली आणि त्या जागेवर तळातला सोन्या आत सरकला. आत्याने पेढ्यांचा विषयसुद्धा काढला नाही. बारकी कार्यालयात जाऊन आली ती पांढरी पडून. जेवायला बसली नाही. ताटं आवरताना ती स्वयंपाकघरात आली.

"आत्या, कुणीतरी तक्रार केलीय. नाव सांगत नाहीत." तिने दाराकडे बघितलं. "सोन्याने तर नसेल ना?"

"छे गं. तो कशाला?"

"मग माझे गुण इथे माहीत कुणाला आहेत?"

आत्याच्या हातातलं ताट नळाखाली तसंच राहिलं. त्या दिवसापासून टेबलाच्या दोन टोकांना दोघं दोन तोंडं करून बसू लागली. बारकीने संगणकाचा पासवर्ड बदलला. सोन्याला काही कळेना. तो आईला विचारायचा, "माझं काय चुकलं?" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आपण सुरू केलेला संशय आता आपल्या पोरावर बसलाय, हे आत्याला दिसत होतं, आणि तरी चार दिवस तिने तोंड उघडलं नाही. भावाला कळलं तर, नवऱ्याला कळलं तर, याच विचारात ती होती.

पाचव्या दिवशी सगळे जेवत असताना बारकी सोन्याला म्हणाली, "माझ्या कागदांना हात लावू नकोस." सोन्या ताटावरून उठला.

"बस खाली," आत्या म्हणाली. "तक्रार मी केली."

नवऱ्याने हातातला घास ताटात ठेवला.

"तुझा बाप काहीतरी जुळवून आणतोय असं वाटलं मला. फोनवर कुणाशी बोलतेस ते कळत नव्हतं."

"बाई आजारी आहेत, आत्या," बारकी म्हणाली. "बरं नसताना त्यांनी माझी प्रत पाठवली. म्हणून मी रोज त्यांची तब्येत विचारायचे." ती रडली नाही. रडली असती तर आत्याला जवळ तरी घेता आलं असतं.

बोर्डाचं उत्तर आलं. वीसपैकी चौदाच होते. दुसऱ्या फेरीत बारकीला प्रवेश मिळाला. तिने वसतिगृहात खोली मागितली, पण तोवर ते भरलं होतं, म्हणून ती आत्याकडेच राहिली. घरात सगळं रीतसर चाललं होतं. "आत्या, मी हे घेऊ का?", "आत्या, मी बाहेर जाऊ का?" असं प्रत्येक गोष्ट विचारून. सोन्या आणि ती पुन्हा एकत्र बसू लागली, फक्त आत्या खोलीत आली की बोलणं हवापाण्यावर जायचं. आपल्याबद्दल काय बोलत असतील, या विचाराने आत्या दाराशी घुटमळायची आणि मग भांडं वाजवून आत यायची.

प्रवेश पक्का करायचा दिवस आला. आत्याने रजा काढली होती, चपला घालून ती दारात उभी राहिली.

"आई, तू नको येऊस," सोन्या म्हणाला. "आम्ही दोघं जातो."

तिने चपला काढल्या.