चौथा शिक्का

आमच्या सायकल क्लबाचं बातमीपत्र मी बावीस वर्षं लिहिलं. त्या बावीस वर्षांत निखळ खरी बातमी त्यात एकदाच आली, आणि नेमकी तीच कुणाला पटली नाही.

बातमीपत्र म्हणजे काय, पाठपोट एक कागद. तो पंक्चरवाल्याच्या दुकानाच्या काचेवर लागायचा, पुढे पुढे सगळ्यांच्या फोनवरही जायचा. गेल्या रविवारी किती जण आले, कुठवर गेले, पुढच्या रविवारी कुठे जमायचं, एवढंच त्यात असावं अशी अपेक्षा. पण एवढंच लिहिलं तर वाचणार कोण? म्हणून मी थोडं तिखटमीठ लावायचो. एकदा समोरून वारा इतका होता, की दोन तास पायडल मारून आम्ही निघालो होतो तिथूनही मागे दीड किलोमीटर जाऊन पोचलो. एकदा आमचा खजिनदार उतारावरून असा सुटला, की त्याची सावली अर्ध्या तासाने धापा टाकत आली. आम्ही तिलाही चहा पाजला. काचेसमोर उभे राहून लोक खदखदून हसायचे. खजिनदाराची बायको त्याला चारचौघांत विचारायची, "काय हो, सगळे आलात ना घरी, की अजून कुणी मागे आहे?" नवे सभासद यायचे ते निम्मे सायकलीसाठी आणि निम्मे या कागदासाठी. मी फुगलो होतो. नाही कशाला म्हणू?

आमच्यात एक पासंगराव होते. हे अर्थात त्यांचं नाव नव्हे. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे, वजनं खरी ठरली तर त्यांवर शिक्का मारायचे. तराजूचा पासंग, म्हणजे दोन पारड्यांमधला फरक, काढण्यात उभी नोकरी गेली, म्हणून क्लबाने हे नाव ठेवलं. निवृत्तीनंतर सायकल घेतली. बसायला ताठ, चालवायला संथ. इतका संथ, की रविवारच्या सफरीत आम्ही आमलेट संपवून बशा पुसत असताना ते पोचायचे आणि म्हणायचे, "एकोणचाळीस मिनिटं मागे आहे मी." चाळीस कधी म्हणणार नाहीत.

वर्षातून एकदा आमची शंभरी असते. शंभर किलोमीटर, सकाळी सातला निघायचं, दुपारी चारच्या आत परत यायचं. प्रत्येकाजवळ एक पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर चार चौकोन. पहिले तीन शिक्के वाटेवर मिळतात: एक पिठाच्या गिरणीत, एक पेट्रोल पंपावर, एक कालव्याच्या चौकीवर. चौथा शेवटी, क्लबाच्या दारात. गुडघे बोलायला लागल्यापासून तो चौथा शिक्का माझ्याकडे आला होता. दारात टेबल मांडायचं, खुर्ची टाकायची, चार वाजेपर्यंत बसायचं. येईल त्याची वेळ वहीत लिहायची आणि शिक्का मारायचा. काम काय ते एवढंच.

पासंगराव सहा वर्षं शंभरीला निघाले आणि सहाही वर्षं कालव्याच्या चौकीपुढे बसले. तिथून पुढे पाण्याच्या टाकीचा चढ आहे. तिथे त्यांची सायकल टेम्पोत चढायची आणि वहिनींना फोन जायचा. सातव्या वर्षी ते मला म्हणाले, "बातमीदार, यंदा मी अकरा महिने रोज तो चढ चढतोय. उतरतो, पुन्हा चढतो."

"मग चढ झिजला असेल," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "तुम्ही चारपर्यंत बसाल ना?"

"हे काय विचारणं झालं?"

त्या दिवशी साडेतीनपर्यंत सगळे आले. एकतीस निघाले होते, तीस परत. तिसाच्या तिसांना शिक्के मारले. ते सगळे कोपऱ्यावरच्या खानावळीत जाऊन बसले. मी, टेबल, वही आणि उन्हात तापलेला रस्ता. रस्त्याच्या टोकाला वळण आहे, तिथे कुणी दिसतंय का ते दोनतीनदा पाहिलं. तेवढ्यात खजिनदाराचा फोन आला.

"काका, लवकर या! सेक्रेटरी तुमची वाऱ्याची गोष्ट सांगतोय."

"सांगू दे की."

"चुकीची सांगतोय हो! उलटं जाणं सांगायचंच विसरला. कुणी हसत नाहीये."

आता मला सांगा, माणसाने अशा वेळी काय करावं? शहाण्याने खुर्चीवर बसून राहावं. मी घड्याळ पाहिलं, तीन एकोणचाळीस झाले होते. पासंगराव एव्हाना टेम्पोत बसून घरी गेले असणार, असं मी स्वतःला सांगितलं. मलाच सांगितलेली थाप मला लगेच पटली. शिक्का खिशात टाकला आणि गेलो. गोष्ट पहिल्यापासून सांगितली. काय हसले लोक! सेक्रेटरीच्या नाकातून चहा आला.

संध्याकाळी टेबल आत घ्यायला गेलो, तर टेबलावर राहिलेला माझा चष्म्याचा डबा टेबलावर नव्हता. तो खिडकीच्या कट्ट्यावर, आतल्या बाजूला नीट ठेवलेला होता. मी डबा हातात घेऊन उभा आहे तोच फोन वाजला.

"बातमीदार, मी आलो होतो. तीन बावन्नला." पासंगरावांचा आवाज अगदी साधा होता. "तुम्ही कुठे दिसला नाहीत. चष्मा उन्हात होता, म्हणून खिडकीत ठेवला."

त्या क्षणी 'चुकलो' म्हणायचं होतं. तीन अक्षरांचं काम. पण मी वेळनोंद्या. वेळनोंद्याने खुर्ची सोडली हे कळलं, तर क्लबात माझी काय राहील? मी म्हणालो, "अहो, एवढ्या वेगाने आलात की मला दिसलाच नाहीत!" आणि हसलो. पलीकडून फोन बंद झाला.

थाप एकदा तोंडातून निघाली की मला ती कागदावर उतरवल्याशिवाय झोप येत नाही. पुढच्या बातमीपत्रात मी लिहिलं, की पासंगराव टाकीच्या चढावरून असे सुटले की वेळनोंद्याला फक्त वाऱ्याची झुळूक जाणवली. वहीची पानं फडफडली, चष्मा उडून खिडकीत पडला, आणि डोळे चोळून पाहतो तो पासंगराव आपल्या घरी आंघोळ करत होते. चौथा शिक्का मारायला त्यांचा पाठलाग करावा लागेल, पण त्यासाठी मोटार हवी.

लोकांनी तो कागद डोक्यावर घेतला. पुढच्या रविवारी पासंगराव नेहमीसारखे सगळ्यांच्या मागून आले, तेव्हा खानावळीतून आरोळी उठली, "झुळूक आली, झुळूक! बशा धरा रे!" खजिनदाराने खरोखरच रुमाल हवेत उडवला. पासंगराव बसले, पाणी प्यायले. मग सगळे पुन्हा आमलेटकडे वळल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "एक ओळ लिहा. गोष्ट नको. मी तीन बावन्नला पोचलो, एवढंच."

"लिहितो की."

"मला शिक्क्याचंही नाही इतकं," ते म्हणाले. "पण मी पोचलो हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, हे बरोबर नाही."

त्या महिनाभर मी नीट जेवलो नाही. शेवटी धीर केला आणि लिहिलं. अलंकार नाही, वारा नाही, सावली नाही. 'शंभरीच्या दिवशी मी तीन एकोणचाळीसला खुर्ची सोडून खानावळीत गेलो. तीन बावन्नला पासंगराव पोचले. त्यांनी शंभरी वेळेत पूर्ण केली आहे. चूक माझी.' चार वाक्यं. बावीस वर्षांत इतकं लहान मी कधी लिहिलं नव्हतं.

सकाळी पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर ही गर्दी! हसून हसून एकाने दुकानाचा पंप लाथाडला. "काका, कमाल! 'चूक माझी' म्हणे! काय चेहरा ठेवलाय कागदाला!" सेक्रेटरीने पाठीवर थाप मारली. "आणि पासंगराव वेळेत? खुर्ची सोडली ते एक वेळ खपलं असतं, पण वेळेत! इथे तुम्ही हद्द केलीत."

मी म्हणालो, "अरे, खरंच आहे."

ते आणखी हसले.

"शपथ घेतो."

खजिनदार डोळे पुसत खाली बसला. "बस करा, पोटात दुखतंय."

वार्षिक सभेत अध्यक्षबाईंनी तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, वर्षातला उत्तम विनोद म्हणून. मी उभा राहिलो, घसा खाकरला, म्हणालो की यात विनोद नाही, मी खोटारडा माणूस आहे पण हे खोटं नाही. टाळ्या पडल्या. जितका गंभीर होत गेलो तितक्या वाढत गेल्या. शेवटच्या रांगेत पासंगराव बसले होते. टाळ्या चालू असताना ते उठले, खुर्ची सरळ करून ठेवली आणि बाहेर गेले. त्यानंतरच्या रविवारी ते आले नाहीत. पुढच्याही नाही.

दोन महिन्यांनी मी शिक्का खिशात घालून त्यांच्या घरी गेलो. दार वहिनींनी उघडलं.

"या. आज कुठली आणलीत?"

"गोष्ट नाही आणली, वहिनी."

"मग नवलच," त्या म्हणाल्या आणि आत चहा ठेवायला गेल्या.

पासंगराव खिडकीशी बसून वर्तमानपत्राची घडी घालत होते. कोपऱ्याला कोपरा. सायकल भिंतीवरच्या आकड्याला टांगलेली होती, दोन्ही चाकांतली हवा गेलेली. मी शिक्का आणि शाई टेबलावर ठेवली.

"कार्ड द्या तुमचं," मी म्हणालो.

त्यांनी खणातून कार्ड काढलं. तीन शिक्के, चौथा चौकोन कोरा. कालव्याच्या चौकीची वेळ दोन वाजून सहा मिनिटं. ते त्यांनी माझ्यासमोर ठेवलं आणि त्यावर तळहात ठेवला.

"तुम्ही पाहिलंत मला येताना?"

"नाही. पण तुम्ही आलात हे मला ठाऊक आहे."

"ठाऊक असणं वेगळं. मी तेहतीस वर्षं शिक्के मारले, बातमीदार. दुकानदार म्हणायचे, साहेब, वजन बरोबरच आहे, मारा शिक्का. नव्वद टक्के बरोबरच असायचं. तरी काट्यावर ठेवल्याशिवाय एकही मारला नाही." त्यांनी हात उचलला नाही. "तुम्ही नक्की किती वाजता उठलात?"

"तीन एकोणचाळीस. कागदात लिहिलं होतं."

"कागदात तुम्ही बरंच लिहिता."

"तीन एकोणचाळीस," मी पुन्हा म्हणालो. खालमानेने म्हणालो.

त्यांनी मनात हिशोब केला. "म्हणजे मी तेव्हा शाळेच्या भिंतीपाशी होतो. तिथून मला वाटत होतं, आता वळण, मग सरळ रस्ता, मग तुम्ही दिसाल. तुम्ही हात हलवाल असं वाटलं होतं. काहीतरी चावट बोलाल. उत्तर काय द्यायचं तेही ठरवत होतो."

मी शाईची डबी उगाच सरळ केली.

"आलो तर खुर्ची रिकामी. वाटलं, लघवीला गेला असाल. थांबलो. मग खुर्चीवर बसलो."

"बसलात?"

"चारपर्यंत. चारला उठलो आणि घरी आलो."

"अहो, पण कशासाठी? खानावळ पन्नास पावलांवर होती. आवाज येत असेल आमचा."

"येत होता. हसत होतात." त्यांनी कार्ड उचलून खणात ठेवलं. "पण मागून कुणी आलं असतं तर?"

"मागे कुणीच नव्हतं. तुम्हीच शेवटचे होतात."

"ते मला कसं ठाऊक असणार? मी शेवटचा आहे हे खुर्चीवाल्यालाच ठाऊक असतं. चारपर्यंत कुणीतरी बसायला हवं होतं."

वहिनींनी चहा आणून ठेवला. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी या. सकाळी सातपासून चारपर्यंत बसतो. खुर्चीला बांधून घेतो स्वतःला. सेक्रेटरीने काहीही सांगू दे."

पासंगराव पहिल्यांदाच थोडे हसले. "मी सहासष्ट वर्षांचा आहे. त्या दिवशी पाय चालले, पाठीमागून वारा होता, चढावर श्वास पुरला. तसा दिवस मागून मिळत नाही. आला होता, येऊन गेला."

वहिनी दाराशीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी घरी आले ते शीळ वाजवत. लग्नाला अडतीस वर्षं झाली, मला ह्यांना शीळ येते हेच ठाऊक नव्हतं. मग तुम्हाला फोन केला." एवढं बोलून त्या कप उचलायला लागल्या. माझा भरलेला कपही त्यांनी उचलला.

मी शिक्का आणि शाई खिशात टाकली. उठलो, चपला घातल्या. पासंगराव दारापर्यंत आले. ते कुणालाही दारापर्यंत पोचवतात. जिना उतरण्याआधी मी वळून म्हणालो, "येतो."

ते 'या' म्हणाले नाहीत.

"बरं," म्हणाले, आणि मी खालच्या पायरीवर पोचेपर्यंत दार उघडं धरून उभे राहिले.