सवतीचं दुखणं

फोरमनने डिझेल फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल केला आणि खाली एक रिकामी बाटली धरली. बाटलीत जे उतरलं ते त्याने उजेडात धरून पाहिलं, हुंगलं, मग थोडं स्वतःच्या तळहातावर ओतलं.

"काका, हात करा पुढे."

सासऱ्यांनी हात पुढे केला. त्यांच्याही तळव्यावर थोडं पडलं.

"थंड लागतंय ना?"

"हो."

"डिझेल असं थंड लागत नाही. आणि हे बघा, निम्मं उडूनही गेलं." फोरमनने हात पँटला पुसला. "टाकीत पेट्रोल गेलंय."

गॅरेजच्या पत्र्याखाली उभे सासरे आपल्या तळहाताकडे बघत राहिले. त्यांच्या मागे, जुन्या टायरांच्या चळतीला टेकून सून उभी होती. ती सरळ झाली आणि उगाचच पर्सची चेन उघडून पुन्हा लावली.

"असं कसं होईल?" सासरे म्हणाले. "सोमवारी मीच भरलं. नेहमीच्या पंपावर, नेहमीइतकं. मी डिझेलच म्हणालो होतो..." ते थांबले. "म्हणालो असेन ना?"

हे त्यांनी सुनेकडे वळून विचारलं.

सांगायची वेळ तीच होती. तिने तोंड उघडलंही. पण तेवढ्यात फोरमन म्हणाला, "होतं काका, वय झालं की होतं असं," आणि सासऱ्यांनी मान खाली घातली. तिला हायसं वाटलं. लाजही वाटली, पण ती नंतर. आधी हायसं वाटलं, ही गोष्ट पुढे तिला स्वतःपासून काही केल्या लपवता आली नाही.

पेट्रोल भरलं होतं तिने. मंगळवारी संध्याकाळी आईला सामानासकट बसवर सोडून ती एकटी परतत होती. सासरे एका वेळी थोडंसंच भरत, त्यामुळे काटा बराच खाली आला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे आपल्या थोरल्या बहिणीला हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात नेणार होते. गाडीला खायला घालायचं काम सासऱ्यांचं, त्यात दुसऱ्या कोणी लुडबुड करायची नाही, हा घरातला नियम तिला चांगला ठाऊक होता. तरी तिने घराजवळच्या वळणावरच्या पंपावर गाडी घातली. सकाळी किल्ली फिरवल्यावर काटा पार वर चढलेला बघून सासरेबुवा चक्रावतील आणि मग मिशीतल्या मिशीत हसतील, एवढीच तिची हौस. फोन कानाला होता. आई बसमधून बोलत होती, खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होती. काच खाली करून सून रोज स्कूटरवर बसून जे म्हणते तेच म्हणाली. "पेट्रोल. फुल."

गाडी घरी पोचली ती नळीत उरलेल्या डिझेलवर. बुधवारी सकाळी भर चौकात ती खोकली, थरथरली आणि पांढरा धूर सोडून गप्प झाली. आत थोरली बहीण, चहूकडून हॉर्न, आणि सासरे खाली उतरून एकटेच गाडी ढकलतायत. हे सगळं नंतर त्या बहिणीनेच फोनवर सांगितलं.

गाडी जुनी होती, पण हा शब्द सासऱ्यांपुढे काढायची सोय नव्हती. ती तीन लाखांच्या वर किलोमीटर धावली होती आणि त्यातले बहुतेक त्यांच्याच हातून. मागचं दार आतून उघडायचं तर हँडल ओढताना खांद्याने हलकासा धक्का द्यावा लागे. घरातल्या सगळ्यांचे खांदे त्यात तरबेज झाले होते. मागचा वायपर दुसऱ्याच कुठल्या गाडीचा होता. सीटची कव्हरं सासऱ्यांनी स्वतः शिवलेली, टाके किंचित तिरपे. रोज रात्री ते इंजिनाखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवत आणि सकाळी त्यावरचा तेलाचा डाग चष्मा लावून न्याहाळत. डाग आटोक्यात असला की त्या दिवशी चहा गोड लागे.

सासूबाई होत्या तेव्हा गाडीला 'माझी सवत' म्हणत. "माझे गुडघे दोन वर्षं बोंबलतायत ते ह्यांना ऐकू येत नाही, आणि सवतीचं चाक जरा कुरकुरलं की लगेच तिच्याखाली आडवे!" सासूबाई गेल्या, गाडीचं नाव तेवढं मागे राहिलं.

फोरमन आता दुखणं समजावून सांगत होता. डिझेलला अंगचं वंगण असतं, पेट्रोलला नसतं. पंप कोरडा घासला गेला होता आणि त्याचा चुरा पुढे इंजेक्टरपर्यंत गेला असणार. टाकी उतरवून धुवावी लागेल. नवीन पंप घालायचा म्हणजे म्हशीपेक्षा रेडकू महाग, तेव्हा भंगारातल्या गाडीचा चांगलासा पंप शोधू, चालेल का?

एरवी इथे तासभर रणधुमाळी झाली असती. काढलेला जुना भाग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सासरे नवा लावू देत नसत, आणि पाहिल्यावर म्हणत, "ह्याला काय झालंय? घासून लावा, अजून वर्ष काढेल." फोरमनही तेवढ्याच तारस्वरात उत्तर देई. दोघांनाही ते भांडण आवडायचं.

"तुम्ही म्हणाल तसं," सासरे म्हणाले.

फोरमनने हातातला पाना खाली ठेवला. "काय काका, आज भांडत नाही?"

सासऱ्यांनी हात हलवला आणि खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढून सुनेच्या हातात दिली. "ही घरी दे. माझ्याकडे नको आता."

तिने घरी येऊन ती नवऱ्याला दिली. संध्याकाळी ती भांडी विसळत होती आणि नवरा शेजारी उभा राहून पुसत होता, तेव्हा तिने नळ बंद केला.

"पेट्रोल मी भरलं."

"कशात?"

"गाडीत. मंगळवारी. बाबांनी नाही."

नवरा हातातली ताटली पुसत राहिला. ती केव्हाच कोरडी झाली होती.

"त्यांना सांगितलंस?"

"नाही. आत्ता जाऊन सांगते."

"थांब जरा." त्याने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागलोय, गाडी चालवणं सोडा म्हणून. गॅस चालू राहिला होता, आठवतंय? चष्मा फ्रिजमध्ये सापडला. उद्या कोणाला ठोकलं म्हणजे? आज त्यांनी आपणहून किल्ली दिलीय."

"पण हे त्यांनी केलेलं नाही रे."

"माहितेय. तरी एका परीने बरंच झालं. जाऊ देत थोडे दिवस."

तिने नळ पुन्हा सुरू केला. नवऱ्याने अडवलं, ही सबब तिला आयती सापडली. खरं तर तिला कोणी हाताला धरून ठेवलं नव्हतं. सासऱ्यांची खोली चार पावलांवर होती, दार उघडं होतं आणि आत दिवा होता.

दिवस जाऊ दिले. फोरमन भंगार बाजारात पंप शोधत होता आणि इकडे सासरे रोज थोडेथोडे उतरत होते. जिन्यातून परत येऊन ते कुलूप ओढून बघू लागले. स्वयंपाकघरात डोकावून गॅसची बटणं चाचपू लागले, दुपारी कोणी काही शिजवत नसलं तरी. "मी सकाळची गोळी घेतली का गं?" असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती दचकली. गोळ्यांच्या बाबतीत घरभर दटावत फिरणारा माणूस तो. मग ते रोजच विचारू लागले. पार्किंगमधला तेलाचा पुठ्ठा भिंतीला टेकून उभा होता तो तसाच राहिला.

एकदा ती कपड्यांच्या घड्या घालत असताना ते बाहेरच्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलत होते.

"नाही गं ताई, तू भाड्याची गाडीच कर. माझा भरवसा नाही राहिला... अगं, चौकात काय झालं बघितलंस ना? थोडक्यात निभावलं. तुला काही झालं असतं म्हणजे?"

तिने हातातला शर्ट उलगडला आणि त्याच घडीवर पुन्हा घातला. एका माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसाच आपण काढून घेतलाय, असं तिला वाटलं. त्या रात्री नवराही म्हणाला, "बाबा फारच गप्प झालेत गं." तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने कूस बदलली.

शेवटी फोरमनचा निरोप आला. सासरे यायला तयार नव्हते. तिने त्यांना जवळजवळ ओढूनच नेलं. फोरमनने इंजिन सुरू केलं. सासरे बॉनेटवर तळहात टेकून, मान कलती करून ऐकत राहिले, आणि तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा पूर्वीसारखा झाला.

"जरा ठोकतंय अजून," ते म्हणाले.

"बसेल दोन दिवसांत, काका. परका पंप आहे, सासरी रुळायला वेळ लागणारच."

सासरे हसले. तिने किल्ली त्यांच्यापुढे धरली. "बाबा, तुम्हीच चालवा."

पण ते वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसलेही होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. परक्याच्या गाडीत बसावं तसे.

दोन रस्ते ओलांडून, एका लांब भिंतीच्या कडेला तिने गाडी थांबवली आणि हँडब्रेक ओढला.

"काय झालं? गरम होतेय?"

"बाबा, पेट्रोल मी भरलं होतं."

सासरे समोर बघत होते. मग हलकेच हसले आणि गिअरवरच्या तिच्या हातावर त्यांनी हात ठेवला.

"गुणाची आहेस."

"खरं सांगतेय, बाबा. मंगळवारी, आईला सोडून येताना. वळणावरच्या पंपावर. फोनवर बोलता बोलता चुकून पेट्रोल म्हणाले. तुम्ही सोमवारी डिझेलच भरलं होतं."

"अगं, मला आठवलंय सगळं." त्यांनी तिचा हात थोपटला. "आधी आठवत नव्हतं. रोज बसून बसून आठवलं. पंपावरचा पोऱ्या विचारतो, काय भरू काका? आणि मी म्हणतो, पेट्रोल, फुल. माझा आवाज मला स्पष्ट ऐकू येतो."

"पण तुम्ही कधी फुल करत नाही, बाबा! जन्मात कधी टाकी फुल केली नाहीत तुम्ही. आठवून बघा ना!"

"तेच तर," ते म्हणाले. "म्हणजे किती बिघडलंय बघ."

"नाही हो. मी केलंय. मी सांगायला घाबरले, फोरमनसमोर, मग नंतरही..."

"आणि गॅस? तोही तूच चालू ठेवला होतास? चष्मा तूच फ्रिजमध्ये ठेवलास?"

तिने नजर वळवून आरशात पाहिलं.

"इतके दिवस बघतोय मी," ते म्हणाले. "नीट जेवत नाहीस. मी काही विचारलं की तुझे डोळे भरतात. माझ्यासाठी जीव तुटतोय तुझा, कळतं मला. पण म्हणून माझी चूक आपल्या अंगावर घ्यायची नाही. पोटची पोर असती तरी इतकं केलं नसतं." त्यांनी इंधनाच्या काट्याकडे बोट केलं. "चल. तो लाल दिवा लागलाय बघ. टाकी धुतलीय, आत काही नसेल."

मागून कोणीतरी हॉर्न दिला. तिने हँडब्रेक सोडला. पंप येईपर्यंत ती बोलायचं काही शोधत होती, आणि जे सुचत होतं ते सगळं खोटंच वाटावं असं होतं.

पंपावर गाडी लागताच सासरे सवयीने खाली उतरले. मागे जाऊन त्यांनी टाकीचं झाकण फिरवून काढलं आणि हातात धरलं. पंपावरचा मुलगा नळी घ्यायला वळता वळता म्हणाला,

"काय भरू काका?"

सासऱ्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. झाकण हातात तसंच धरून ते तिच्या खिडकीशी आले आणि वाकले.

"काय भरायचं गं आपल्या गाडीत?"

"बाबा, तुम्ही सांगा ना."

"नको. तू सांग."

"डिझेल," ती म्हणाली.

"डिझेल," सासऱ्यांनी त्या मुलाला सांगितलं, आणि कौतुकाने तिच्याकडे मान हलवली. "आमच्या सूनबाईंना विचारत जा आता. तिच्या सगळं नीट लक्षात असतं."