डॉक्टरबाईंचा हिरवा सोफा

पाहुणे येणार असं कळलं, की आपण सगळेच आधी घरातलं काहीतरी लपवतो. फाटकी उशी पलंगाखाली जाते, टवका उडालेला कप मागच्या रांगेत जातो आणि भिंतीवरच्या ओलीसमोर कॅलेंडर येतं. त्यानं कुणाचं फारसं बिघडत नाही. पण सोफेवाल्यांनी जे लपवलं, त्यापायी त्यांच्या लेकीचं शिक्षण हातचं जायची वेळ आली होती.

सोफेवाले म्हणजे सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करणारे कारागीर. दुकान खाली, बिऱ्हाड वर. आयुष्यभर लोकांच्या बसण्याची सोय करता करता स्वतःच्या घरात सोफा घ्यायचा राहूनच गेला होता. बाहेरच्या खोलीत होता एक लाकडी बाक. त्याची गादी उरल्यासुरल्या कापडांची. एक तुकडा वकिलाच्या खुर्चीचा, एक केस कापायच्या दुकानातला, एक कुणाच्या तरी मोटारीच्या सीटचा. त्याच बाकावर पाय वर घेऊन त्यांची लेक चिंगी अभ्यास करून मोठी झाली, आणि कृत्रिम हात-पाय बनवण्याच्या अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला.

"बाबा, माणूस बसला की भार कुठे पडतो, ते तुम्ही बघता ना? मलाही तेच शिकायचंय," ती म्हणाली होती. "फक्त सोफ्याच्या जागी पाय."

हे वाक्य सोफेवाल्यांनी आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवलं. पोस्टमनला तर दोनदा.

प्रश्न फीचा होता. कॉलेजच्या मदतनिधीतून अर्धी फी मिळू शकत होती, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी बँक शैक्षणिक कर्ज देणार होती. सगळीच्या सगळी फी कर्जानं भरणं मात्र या घराला झेपणारं नव्हतं. निधी मिळाला तरच गाडी पुढे सरकणार होती. त्याआधी निधीच्या समितीतल्या एक बाई घरी येऊन परिस्थिती बघणार होत्या.

"अहो, त्या बाई बसणार कुठे?" चिंगीच्या आईनं विचारलं.

"बाकावर."

"त्या ठिगळांवर? लोक म्हणतील, सोफेवाल्याच्या घरी बसायला धड जागा नाही!"

"आई, त्या टापटिपीचे मार्क द्यायला नाही येत," चिंगी म्हणाली आणि क्लासला निघून गेली.

ती परत आली तेव्हा बाक आतल्या खोलीत उभा करून ठेवलेला होता, आणि त्याच्या जागी हिरव्यागार मखमलीचा सोफा ऐटीत बसला होता.

"बाबा! हा डॉक्टरबाईंचा दुरुस्तीला आलेला सोफा ना?"

"हळू बोल. संध्याकाळी पोचवायचाच आहे. वाटेत जरा थांबलाय, असं समज."

"आपल्याकडे?"

"आता प्रश्न नकोत. आल्या बघ त्या."

समितीच्या बाई दम टाकत जिना चढून आल्या, सोफ्यावर टेकल्या आणि त्यांचा हात आपसूक मखमलीवरून फिरला. "वा! किती सुरेख काम आहे हो!"

इथेच घोळ झाला. कारागीर माणूस उपाशी राहील, पण कामाचं कौतुक झालं की त्याचा तोल जातो. गेले कित्येक महिने दुकानात धड काम नव्हतं. स्वस्तातले तयार सोफे निघाल्यापासून लोक जुना सोफा दुरुस्त करायच्या ऐवजी फेकूनच देत होते. सोफेवाल्यांना असे शब्द ऐकून जमाना झाला होता.

"स्प्रिंगा हातानं बांधल्यात," ते फुलून म्हणाले. "मखमल मुद्दाम मागवलीय."

"महाग पडली असेल."

"चांगल्या वस्तूला पैसे पडायचेच."

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. डॉक्टरबाईच होत्या. "निघालाय, निघालाय! वाटेतच आहे!" सोफेवाले घाईघाईनं म्हणाले आणि फोन खिशात कोंबला.

बाईंनी चहाचा कप उचलला. सोफेवाल्यांची नजर त्या कपाबरोबर वर गेली आणि कपाबरोबर खाली आली. "बशी... बशी हातातच असू द्या, बाई."

"धंदा कसा चाललाय?"

"मस्त! श्वास घ्यायला फुरसत नाही."

"डोक्यावर कर्ज वगैरे?"

"छे! आमच्या घरात कुणी कधी कुणापुढे हात पसरलेला नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. "ऐकून बरं वाटलं. मुलगी हुशार आहे, यात शंकाच नाही. पण आमचा निधी थोडा आणि मागणारे फार. ज्यांचं अडलंय त्यांना आधी द्यावं लागतं. उद्या संध्याकाळी यादी ठरेल. तुम्ही निभावून न्याल, असं दिसतंय."

चिंगीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाबांकडे पाहिलं. आणि मिटलं.

बाई गेल्यावर सोफा दोरानं बांधून बापलेकीनं जिन्यावरून उतरवला आणि टेम्पोत चढवला. परत येऊन बाक जागच्या जागी ठेवला. चिंगी बाबांकडे पाठ करून त्यावर बसली.

"चिंगे, रागावलीस?"

"नाही."

"मग त्या बाईंसमोर खरं का नाही बोललीस?"

"तुम्ही इतके खूश दिसत होतात, बाबा." ती बाकाच्या गादीवरचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होती. "किती महिन्यांनी तुम्हाला असं बघितलं. माझं काय, पुढच्या वर्षी पुन्हा बघू. तोवर तुमच्याबरोबर शिवायला बसते."

सोफेवाले हातोडी शोधायला म्हणून खाली गेले. हातोडी त्यांच्या हातातच होती.

दुकानात त्यांची थोरली बहीण आली होती. ताई पलीकडच्या गल्लीत राहायची. सगळी नोकरी तिनं रुग्णालयात परिचारिका म्हणून केली होती आणि पन्नाशी ओलांडलेल्या भावाला ती अजून 'छोट्या' म्हणायची. भावजयीनं फोनवर तिला सगळं सांगितलंच होतं.

"छोट्या, गिऱ्हाईक सोफा घेऊन येतं तेव्हा आधी काय सांगतं?"

"कुठे खचलाय ते."

"आणि एखाद्यानं खचलेल्या जागेवर उशी ठेवून सांगितलं, की सोफा एकदम छान आहे?"

"तर मी कशाला हात लावू? घेऊन जा म्हणेन."

"मग त्या बाईंनी दुसरं काय केलं?"

सोफेवाले चिडून म्हणाले, "म्हणून परक्या बाईपुढे गरिबीचं प्रदर्शन मांडू? आणि वर बँकेचं कर्ज? आयुष्यात उसनं घेतलं नाही मी."

"मखमल आणायला डॉक्टरबाईंकडून आगाऊ पैसे घेतलेस ना?"

"ते वेगळं! ते काम करून फेडतो मी."

"मग पोरगी काय करणार आहे? शिकेल, काम करेल, फेडेल. तिच्या हातावर विश्वास नाही का तुझा?" ताईचा आवाज मऊ झाला. "माझ्याकडे लोक नाडी दाखवायला यायचे, छोट्या. हात पुढे करताना कुणी लाजलेलं मी पाहिलं नाही. दुखणं लपवणारे मात्र पाहिले. त्यांचं फार उशिरा कळायचं."

अरे देवा! सोफेवाल्यांना एकदम उमगलं. आपली अब्रू झाकायला आपण लेकीचं भविष्यच पांघरूण म्हणून वापरलं!

दुसऱ्या दिवशी कॉलेजचं कार्यालय उघडायच्या आधी ते दाराशी हजर होते. समितीच्या बाई दिसताच त्यांनी त्यांना गाठलं.

"बाई, काल तुम्ही बसलात तो सोफा माझा नव्हता."

बाईंना क्षणभर कळेना. "म्हणजे फोनवर 'वाटेतच आहे' म्हणालात, तो..."

"तोच."

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग चष्मा पुसून म्हणाल्या, "तुम्ही एकटेच असं करता असं नाही हो. पण निधीत भर कोण घालतं, माहीत आहे? त्याच पैशांवर शिकून गेलेली मुलं. उद्या तुमची मुलगीही घालेल. मग ही मदत भीक कशी होईल? पण तुम्हीच श्रीमंती दाखवलीत, तर आम्ही ओळखायचं कशावरून?"

"आज पुन्हा याल का? आहे तसं दाखवतो."

बाई दुपारी आल्या आणि बाकावर बसल्या. कुठलं ठिगळ कुठून आलं, ते चिंगीनं सांगितलं. धंद्याचं काय झालं, ते सोफेवाल्यांनी सांगितलं. बोलता बोलता पाठीवरचं ओझं उतरावं तसे ते सैल झाले. चिंगीच्या आईनं चहा टवका उडालेल्या कपातच दिला आणि कुणी कपाकडे टक लावून बसलं नाही.

संध्याकाळच्या यादीत चिंगीचं नाव होतं.

राहिलं कर्ज. बँकेतल्या तरुण साहेबानं कागद पुढे सरकवून सहीची जागा दाखवली. सोफेवाल्यांनी पेन खाली ठेवलं. "साहेब, सोफा उघडून बघितल्याशिवाय मी भाव सांगत नाही. तुम्हीही आधी हे कर्ज उघडून दाखवा." व्याज कधीपासून, हप्ता कधी सुरू, नोकरी लागायला उशीर झाला तर काय, सगळं त्यांनी विचारलं. साहेब घामाघूम झाला, पण शेवटी हसून म्हणाला, "काका, सगळ्यांनी असं विचारलं पाहिजे."

मंडळी, आपल्यापैकी कितीतरी जण मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेतात, पण अडचण आहे एवढं सांगायला कचरतात. अडचण सांगण्यात कमीपणा नाही. नीट समजून, झेपेल तेवढं घेतलेलं आणि मेहनतीनं फेडलेलं कर्ज हा डाग नव्हे. डाग लागतो तो खोट्या मोठेपणाचा, आणि तो पुसावा लागतो आपल्या मुलांना.

चिंगी कॉलेजला गेली. डॉक्टरबाईंना विचारून सोफेवाल्यांनी उरलेल्या मखमलीचा एक तुकडा बाकाच्या गादीला जोडला. घरी कुणीही आलं तरी आता बाकावरच बसतं. त्या हिरव्या तुकड्यावर मात्र सोफेवाले स्वतः बसतात आणि समोरच्याला कौतुकानं विचारतात, "मग, तुमची मुलं काय शिकताहेत? कुठे अडलंय का? लाजू नका. खचलंय कुठे, तेवढं आधी सांगा!"