पाच खुर्च्या

आमच्या क्लासेसचा सगळा कारभार लातूरच्या एका सर्व्हरवर चालतो. निलंगा, उदगीर, नांदेड, किनवट इथल्या ऑफिसांत एक छोटा प्रोग्राम टाकलाय. तो उघडला की लातूरचाच पडदा त्यांच्यासमोर येतो. पण एका वेळी आत पाचच जण बसू शकतात. पाचच खुर्च्या, म्हणा ना. म्हणून मी, ऑफिसप्रमुख व्यंकट, प्रत्येक शाखेत पाटी लावली होती: ‘काम झाल्यावर फुली मारू नये. लॉग आउट करावे.’ फुली मारली की खिडकी जाते, पण माणूस खुर्ची अडवून आतच राहतो आणि बाहेरचा ताटकळतो.

त्या पाटीचा मला फार तोरा होता.

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. वसतिगृहातल्या अकरावीच्या मुलांसाठी आमची मेडिकलच्या तयारीची एक मोफत बॅच असते. नावं दुपारी बारापर्यंत भरायची. बाराला यादी आपोआप बंद. साडेअकराला किनवटच्या ऑफिसातून बबिताचा फोन आला. इस्लापूरच्या चांगुणाचं नाव राहिलं होतं. पोरीला डॉक्टर व्हायचं होतं, आणि तिचा बाप टेबलासमोर उभा होता. मी सवयीनं फोन स्पीकरवर टाकला.

“सर, आत जाऊनच नाही राहिलं. जागा नाही म्हणतंय. आत कोण कोण हाय त्याची नावं येऊन राहिलीत, त्यात—”

“नावं मला वाचून दाखवू नका. तुम्हीच सकाळी फुली मारली असेल. पाटी वाचता येते ना?”

ऑफिसातली चार माणसं हसली. मला आणखी चेव आला. “किनवटला राहून डोक्यातही जंगल वाढलं का? मशीन बंद करून चालू करा.”

“बरं सर,” ती म्हणाली.

बाराला दहा कमी असताना परत तिचा फोन, परत तेच. मी परत झापलं. बारा वाजून गेल्यावर, आत कोण बसलंय ते सहज उघडून बघितलं. पाचांत माझं नाव दोनदा. सकाळी घरून काम करत होतो, बायकोनं चहाला हाक मारली, आणि मी फुली मारून उठलो होतो. मग ऑफिसात येऊन दुसरी खुर्ची घेतली होती.

त्यातलं एक नाव मी गुपचूप काढून टाकलं. यादी परत उघडायचा अधिकार संचालकांचा, आणि त्यांची केबिन दहा पावलांवर. पण का उघडायची, हे सांगावं लागलं असतं. मी जागचा हललो नाही. बबिताला फोन करून म्हणालो, “तिकडलंच काहीतरी होतं. आता लागेल.”

आठवड्यानं, नाव राहिल्याबद्दल तिचा लेखी माफीनामा आला. मी तो फायलीला लावला. चोराच्या उलट्या बोंबा, त्याही आवक नंबर टाकून!

मी मूळचा किल्लारीकडचा. भूकंपानंतर निलंग्याच्या शाळेत वर्ग भरलेला असताना एका कारकुनानं मिटलेलं रजिस्टर उघडून माझं नाव शेवटी लिहिलं होतं. ही गोष्ट मी दर वर्षी पालक मेळाव्यात सांगतो आणि टाळ्या घेतो. यंदा ‘मिटलेलं रजिस्टर’ म्हणताना जीभच अडखळली. स्वतःच्या तोंडाची लाज वाटली. तसाच माईक ठेवून मागच्या जिन्यात गेलो आणि किनवटला फोन लावला.

“बबिता, गेल्या वर्षी ती जागा मीच अडवली होती.”

“हाव सर. तुमचं नाव दोनदा दिसून राहिलं होतं.”

“चांगुणा कुठंय?”

“इथंच हाय, बारावीला. आर्ट्स घेतलं तिनं.”

“संचालकांना आजच सांगतो मी.”

“आता सांगून काय सर.”

“पण तुम्ही तेव्हा का नाही बोललात? वर माफी लिहून दिलीत!”



“पहिल्यांदा बोलत होते सर. मग माणसं हसलेली ऐकू आली. तुमचा फोन स्पीकरवर होता. चारचौघांत तुमचं नाव कसं घ्यावं?”