निंबानानाचं अर्धं धोतर

पैज लागली ती निंबानानाच्या धोतरावरून. धुळ्यात पांझरेकाठच्या गल्लीत हनुमान जयंतीला वरण-बट्टीची पंगत बसली होती. नाना वाढता वाढता मागे सरकला आणि डावभर वरण त्याच्या मांडीवर सांडलं. हळदीचं, तुपाचं, वाफाळतं. नाना आधी जागच्या जागी नाचला. मग त्याच्यातला खोडकर जागा झाला. घरी जाऊन त्यानं धोतर बदललं, डागाळलेलं मधोमध टरकावलं, आणि दोन्ही हातांत अर्धा अर्धा डाग नाचवत परत आला.

"यशोदाअक्का, चंदनबाई, डाग काढाले तीन दिवस शेत. जी हारी ती जिंकणारीनं आठवडाभरनं धुणं डोकावर लई नदीवर जाई. बठ्ठी गल्ली साक्षी शे."

यशोदाबाईनं तुकडा जवळजवळ हिसकावूनच घेतला.

वीस वर्षं त्या गल्लीतला कुठलाही डाग तिच्याच ओट्यावर यायचा. लोणच्याचं तेल असो, जांभूळ असो, पानाची पिंक असो, बाया म्हणायच्या, अक्काला दाखव. मग दोन वर्षांपूर्वी शांतीलाल किराणावाला चाळीसगावहून शेजारी राहायला आला, आणि त्याच्या बायकोनं, चंदनबाईनं, शंखजिऱ्याची पूड भुरभुरून तुपाचे डाग उतरवायला सुरुवात केली. बोलणं गोड, वर चहा. हळूहळू ओटा बदलला. यशोदाबाई दाराच्या फटीतून मोजायची, आज किती गेल्या. एकदा तर तिची स्वतःची सून लताबाई पदराखाली पोलकं लपवून शेजारी शिरताना दिसली. त्या रात्री यशोदाबाईला भाकरी गेली नाही.

आता तुकडा हातात आला तसा तिनं सोडा नेहमीच्या दुप्पट घातला. डाग कुंकवासारखा लाल झाला. तसं घाबरायचं काही नव्हतं. हळद साबण-सोड्यानं लाल होते आणि ऊन तिला पिऊन टाकतं, हे तीच तर गल्लीला शिकवत आली होती. पण कुडावरून सहज म्हणून पलीकडे नजर गेली, आणि तिचा जीवच जळाला. चंदनबाईच्या दोरीवरचा तुकडा पहिल्याच दिवशी जवळजवळ साफ. शंखजिऱ्यानं तूप ओढून घेतलेलं, नुसती पिवळट सावली उरलेली.

भर दुपारी गल्ली झोपली होती. यशोदाबाईनं कुडावरून हात घातला, पिवळट तुकडा ओढला आणि आपला लालभडक तिथं टाकला. नानानं खूण केलीच नव्हती. दोन्ही तुकडे भाऊ भाऊ. कुणी ओळखू नये म्हणून चोरलेला तिनं ट्रंकेत तळाशी दडवला आणि तीन दिवस अशी मिरवली, की सुनेला वाटलं सासूला काही सापडलं.

चंदनबाईनं मात्र तो लाल तुकडा दोरीवर तसाच राहू दिला. त्यावर सकाळ-दुपार पाणी शिंपडत राहिली, एवढंच.

चौथ्या दिवशी मारुतीच्या पारावर नानानं दोन्ही तुकडे पसरले. यशोदाबाईच्या तुकड्यावरची पिवळट सावली होती तशीच होती. ट्रंकेत कुठलं ऊन? आणि चंदनबाईचा तुकडा तीन दिवस वैशाखाच्या तोंडाशी आलेलं खानदेशी ऊन पिऊन बगळ्यासारखा झालेला. बाया वळून वळून चंदनबाईच्या हाताची तारीफ करायला लागल्या.

यशोदाबाईचं तोंड उघडलं. तो सोडा माझा, तो हात माझा, असं ओठांपर्यंत आलं होतं. पण तो तुकडा शेजारच्या दोरीवर कसा पोचला, हे कुणाला सांगणार?

आठवड्याच्या धुण्याचं गाठोडं चंदनबाईनं स्वतः उचलून तिच्या डोक्यावर ठेवलं. चुंबळ नीट करता करता हळूच म्हणाली, "अक्का, मी तर सोड्याला हातही लावला नव्हता. धुतलं छान हं तुम्ही."

पुढे नाना थाळी बडवत, मागे अख्खी गल्ली, मध्ये ताठ मानेनं यशोदाबाई. नदीवर तिनं दगडापाशी गाठोडं सोडलं, तर सगळ्यात वर लताबाईचं पोलकं.

यशोदाबाईनं तेच आधी घेतलं. असं आपटलं, असं आपटलं, की पलीकडच्या काठावरच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या, आणि सून गर्दीत नानाच्या पाठीमागे सरकली.