कॅडीनं सांगायचं

आमच्या इन्व्हरकेलमध्ये एक रीत आहे. गावातला कुणी गोल्फची मोठी फेरी खेळून आला, की संध्याकाळी जिनीच्या पबमध्ये ती फेरी पहिल्या फटक्यापासून शेवटच्या फटक्यापर्यंत सांगितली जाते, आणि ती सांगतो त्याचा कॅडी, म्हणजे मैदानभर त्याची बॅग उचलून त्याला सल्ला देणारा माणूस. खेळाडूनं फक्त सगळ्यांना पाजायचं आणि गप्प बसायचं. स्वतःची फुशारकी स्वतः मारणारा आमच्याकडे वेडा तरी समजला जातो, नाहीतर इंग्रज.

ही रीत कुणी काढली देव जाणे. त्या जूनअखेरच्या संध्याकाळी मात्र मी तिला मनातल्या मनात शंभर शिव्या घातल्या.

माझा धाकटा भाऊ फिनले धंद्यानं गोल्फर. मिसरूड फुटायच्या आत त्यानं गावातल्या बाप्यांना हरवायला सुरुवात केली, विशीच्या आत व्यावसायिक झाला, आणि दोन वर्षं युरोपातल्या मोठ्या स्पर्धांत टीव्हीवर दिसला. मी बेकरीच्या काउंटरवर टीव्ही आणून ठेवला होता. मग तो दिसेनासा झाला. अर्ध्या स्पर्धेतून शुक्रवारी बाद झालेल्यांना शनिवारी टीव्हीवर कोण दाखवतो? पुढं जर्मनी, पोर्तुगाल, मोरोक्को, जिथं कुणी खेळू देईल तिथं तो गेला, गाडीत झोपला, पाठ दुखवून घेतली, आणि शेवटी गावातल्या क्लबच्या दुकानात हातमोजे विकायला लागला. दुपारी डॉक्टरांच्या बायकांना उभं कसं राहायचं ते शिकवायचा. तसं वाईट काहीच नव्हतं. पण गावाला त्याच्याबद्दल वाईट वाटायचं, आणि ते त्याला कळायचं.

बाबा जन्मभर कॅडी. ओपन या गोल्फमधल्या सगळ्यात मानाच्या स्पर्धेत त्यांनी अमेरिकनांच्या बॅगा उचलल्या, जपान्यांच्या उचलल्या, एका स्वीडिश माणसाची उचलली, जो म्हणे त्यांच्याशी चार दिवसांत एक शब्द बोलला नाही. पोटच्या पोराची बॅग ओपनमध्ये उचलायची तेवढी राहिली होती. गुडघा बदलल्यापासून त्यांनी काम सोडलं होतं. पण चाळिशी उलटलेला फिनले ओपनसाठी पुन्हा पात्रता फेरी खेळणार म्हटल्यावर त्यांनी कपाटातून जुने बूट काढून दारात ठेवले, आणि त्यावर कुणाला काही बोलताच आलं नाही.

त्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरात लापशी खाताना फिनलेनं त्यांना बजावलं होतं. मी तिथंच होते.

"बाबा, आता नियम बदललाय. मी पाय रोवायला लागलो की तुम्ही माझ्या मागं रेषेत उभं राहायचं नाही. बाजूला व्हायचं. नाहीतर मला दोन फटक्यांचा दंड."

"मागं उभं राहायचं नाही? मग कॅडीनं काय शिट्ट्या मारायच्या?"

"बाबा."

"कळलं रे. म्हातारा झालोय, बहिरा नाही."

तो लहान होता तेव्हापासून बाबा त्याच्या मागंच उभे राहायचे. वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, चेंडूपासून होलपर्यंतची रेषा बघायची आणि होलच्या कुठल्या कडेवर नेम धरायचा ते हळू आवाजात सांगायचं, "डावी कड, बाळा." किंवा उजवी. फिनले त्यांच्याकडे वळूनही बघायचा नाही. त्या आवाजावर तो फटका मारायचा.

त्या दिवशी दोन फेऱ्या होत्या, सकाळी एक आणि जेवणानंतर एक. बाबा दिवसभर शहाण्यासारखे वागले. फिनले पाय रोवायला लागला की हे टुणकन बाजूला. मला हसू येत होतं. पण संध्याकाळी शेवटच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या कापलेल्या हिरवळीवर, फिनलेचा चेंडू होलपासून तीन-चार पावलांवर थांबला, आणि सगळ्यांना ठाऊक होतं की हा आत गेला तर तो ओपनमध्ये, नाहीतर पुन्हा हातमोजे. वारा पडला होता. त्याच्याबरोबर खेळणारा वाळूच्या खड्ड्यात पाठमोरा उभा राहून वाळू सारखी करत होता. पंच मागच्या होलवर होते. मी हिरवळीबाहेर, अगदी त्याच रेषेत उभी होते, मला सगळं दिसत होतं.

फिनलेनं पाय रोवले. बाबा मागं होते. वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून. "डावी कड, बाळा." आणि फिनलेनं मारला.

चेंडू डावीकडून वळून आत पडला. लोक ओरडले. बाबांनी टोपी हवेत फेकली. मी ओरडले नाही. फिनलेनं टोपी उचलून बाबांच्या डोक्यावर घातली आणि कुणाकडेही न बघता तो स्पर्धावाल्यांच्या तंबूकडे गेला. तिथं आपले फटके लिहिलेल्या कार्डावर सही करायची असते. सहीच्या आधी स्वतः सांगितलं तर दोन फटके. मनात ठेवून सही केली, तर बाद. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आमच्या खेळात चोर पकडायला पोलीस नसतो, ज्याचा दंड त्यानंच बोलायचा. तो बाहेर आला तेव्हा त्याचं नाव पात्र ठरलेल्यांच्या पाटीवर चढलं होतं. एका फटक्यानं आत. दंडाचे दोन धरले असते तर बाहेर.

परत येताना गाडी मी चालवत होते. बाबा मागच्या सीटवर बॅग मांडीवर घेऊन तोंड उघडं टाकून झोपले होते.

"फिन," मी म्हटलं, "बाबा मागं होते."

तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"तुला माहीत होतं का?"

"हळू बोल. जागे होतील."

"माहीत होतं का नव्हतं?"

"आवाज मागून आला, ताई. मागूनच येणार ना." मग म्हणाला, "त्यांना नाही कळलेलं. कुणालाच नाही कळलेलं. त्यांचं तोंड बघितलंस ना? कशाला नासवायचं?"

"त्यांच्या नावावर खपवू नकोस."

त्याचे कान लाल झाले. लहानपणी बिस्किटं चोरल्यावर व्हायचे तसेच. मी सांगितलं की घरी गेल्या गेल्या फोन कर, स्पर्धावाल्यांना सांग.  मला इतकी लाज वाटत होती, की समोरून येणाऱ्या गाड्यांचीसुद्धा वाटत होती.

घरी पोचलो तर दारातच टॅम बुकन उभा. टॅम म्हणजे बाबांचा जुना जोडीदार, तोही कॅडी, चाळीस वर्षं दोघांचं भांडण आणि चाळीस वर्षं एकच बाक. त्यानं बाबांना मिठीच मारली. "चल म्हाताऱ्या, सगळं गाव बसलंय. घसा ओला कर आणि सांगायला लाग." फोन राहिला.

जिनीचा पब फुटायच्या बेतात होता. बाबांना खिडकीजवळच्या उंच स्टुलावर बसवलं. फिनले रीतीप्रमाणे कोपऱ्यात गप्प बसला, हातात ग्लास, ओठाला न लावलेला. आणि बाबांनी सुरुवात केली.

काय सांगतात बाबा! पहिला फटका, वारा कुठला, समोरच्या पोरानं शिंकून कसा घोळ केला, चौथ्या होलवर सीगल पक्ष्यानं चेंडूला चोच कशी मारली. लोक हसून हसून बेजार. मी मात्र होल मोजत होते. सकाळची फेरी संपली. दुपारच्या अठरांपैकी बारावा झाला. तेरावा झाला. 

सोळाव्याला फिनले उठला. "बाबा, बास आता. जिनी, सगळ्यांना आणखी एकेक दे. उरलेलं उद्या."

"गप बस!" टॅम ओरडला. "खेळाडूनं तोंड उघडायचं नाही. ड्युगल, तू सांग," तो बाबांना म्हणाला.

"पोरगं लाजतंय," बाबा म्हणाले आणि सगळे हसले. "असू दे. शेवटचा ऐका. वारा पडलेला. मुंगीचा आवाज येईल अशी शांतता. तीन-चार पावलांचा फटका. मला वाटलं, लहानपणी पहिल्यांदा याला घेऊन आलो तोच दिवस आहे. तसाच त्याच्या मागं वाकलो, असे गुडघ्यांवर हात ठेवले, आणि म्हटलं, डावी कड, बा..."

बाबा थांबले.

वाक्य अर्ध्यावर राहिलं. हात गुडघ्यांवर, पाठ वाकलेली, स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी करून दाखवलं होतं ते तसंच. पबमधल्या एकाही माणसाला समजावून सांगायची गरज नव्हती. जिनी ग्लास पुसायची थांबली. लोक आपापल्या ग्लासात बघायला लागले. बाबांनी फिनलेकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते, आणि बाबांना ते कान माझ्याइतकेच ओळखीचे होते.

"म्हणजे," बाबा म्हणाले, आणि मला त्यांचा आवाज ओळखू येईना, "म्हणजे आधी वाकलो. मग... मग झालो बाजूला. त्यानं पाय रोवले तेव्हा मी बाजूलाच होतो."

माझे बाबा गोल्फबद्दल खोटं बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. इतर गोष्टींबद्दल ते सर्रास बोलायचे, दारूबद्दल तर रोजच. पण या बाबतीत नाही. त्यांना ते जमतही नव्हतं. म्हातारा माणूस भर पबमध्ये उघडा पडावा, तसं झालं.

"झालाच असशील की," टॅम हळू आवाजात म्हणाला. जन्मभर बाबांचा शब्द खोडून काढणारा टॅम. "तू काय मागं राहतोयस! झालाच असशील." आणि चार लोकांनी माना डोलावल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

फिनलेनं ग्लास ठेवला.

"नव्हते झाले," तो म्हणाला. "मागंच होते. मला माहीत होतं. तंबूत पेन हातात घेतलं तेव्हाही माहीत होतं."

 तो बाहेर गेला आणि समोरच्या फुटपाथवर उभा राहून त्यानं फोन केला. काचेतून सगळ्यांना दिसत होता. एका हातानं दुसरा कान दाबून धरला होता, मान खाली.

त्याला बाद केलं. त्याच्या जागी कुणी वेल्सचा पोरगा गेला. आणि खरं सांगायचं तर गावानं फिनलेला लवकर माफ केलं. चुकला, पण बोलला, असं म्हणून लोक पुन्हा त्याच्याकडून हातमोजे घ्यायला लागले. माझ्या बेकरीत येणारे लोक ब्रायडी, म्हणजे खिम्याच्या करंज्या, दोन जास्त घ्यायचे आणि हवेबद्दल बोलायचे. मला त्या दयेचाही संताप यायचा.

बाबा मात्र जिनीच्या पबमध्ये पुन्हा गेले नाहीत. टॅम दारात येऊन शिव्या घालायचा, विनवण्या करायचा. बाबा म्हणायचे, गुडघा दुखतोय. एकदा मी चिडले. म्हटलं, "अहो, चूक त्याची. तुम्ही कशाला तोंड लपवताय?"

"तो नुसता गप्प राहिला, एल्सी," बाबा म्हणाले. "गप्प राहणाऱ्याला नंतर तोंड उघडता येतं. मी बोललो. ते आता कुठं परत घेऊ?"

पुढच्या वसंतात फिनलेनं जिल्ह्यातली एक छोटी स्पर्धा जिंकली. कॅडी न घेता बॅग स्वतःच उचलली होती. गाव पबमध्ये जमलं, पण सांगायला कॅडीच नव्हता, म्हणून लोक उगाच इकडचं तिकडचं बोलत बसले. फिनले तिथून निघून आमच्याकडे आला. बाबा स्वयंपाकघरात सूप पीत होते. तो त्यांच्यासमोर बसला आणि विचारल्याशिवाय सांगायला लागला. पहिला फटका, वारा, खड्ड्यात गेलेला चेंडू, एकेक चुकलेला फटका, काही न लपवता. बाबा चमचा खाली न ठेवता ऐकत होते.

"आणि शेवटचा?" त्यांनी विचारलं.

"दोन पावलांचा होता. उजवी कड वाटली मला. डावी निघाली. चुकला. पण आघाडी पुरली."

बाबांनी वाटी बाजूला सारली. 

"मला विचारायचं होतंस," ते म्हणाले, आणि मग त्यांना पबमधली ती संध्याकाळ आठवली, आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.